'बॉर्न' या शब्दातली आई

अक्षरवेल

इंग्रजी शिकायला लागल्यावर पहिल्या काही धड्यांतच जो शब्द भेटतो, त्यावर धागा कशाला, असं काहींना वाटेल. पण भाषांतर करताना मला सगळ्यांत जास्त थांबवणारा शब्द हाच आहे. 'बॉर्न' म्हणजे 'जन्मलेला', एवढ्यावर आपण भागवतो आणि मग 'बॉर्न टीचर', 'बॉर्न अगेन', 'बॉर्न आउट ऑफ नेसेसिटी', 'स्टिलबॉर्न', 'एअरबॉर्न' असे वापर एकामागून एक समोर आले की प्रत्येकासाठी नवा शब्द शोधत बसतो.

मला वाटतं, मुळातला फरक कर्त्याचा आहे. मराठीत मूल जन्माला येतं, जन्म घेतं, उपजतं. क्रिया बाळाची. आईबद्दल बोलायचं तर ती जन्म देते, म्हणजे वाक्यच वेगळं करावं लागतं. इंग्रजी 'ही वॉज बॉर्न' ही मात्र सरळ कर्मणी रचना आहे, आणि कर्मणी म्हटलं की कोणीतरी करणारं असतंच. 'बॉर्न' हे 'बेअर' या क्रियापदाचं कर्मणी रूप. 'बेअर' म्हणजे वाहणं, पेलणं, सोसणं. तेव्हा 'बॉर्न'चा मूळ अर्थ 'वाहून आणलेला'. कोणी वाहून आणलेला? आईनं. वाक्यात ती दिसत नाही, पण रूपात ती बसलेली आहे.

ही आई ध्यानात ठेवली तर या शब्दाच्या स्पेलिंगपासून शब्दयोगी अव्ययांपर्यंत बऱ्याच गाठी सुटतात, असं माझं मत आहे. इतरांची मतं वाचायला आवडतील. पटत नसेल तर तेही जरूर लिहा.

कोरा_कागद

ताई, धागा माझ्या फार कामाचा आहे. मुलाखतीच्या तयारीत मी 'आय बॉर्न इन' असं लिहिलेलं तपासताना खोडलं गेलं, मित्रानं 'आय ॲम बॉर्न इन' लिहिलं तेही खोडलं गेलं. 'वॉज' हवं हे पाठ झालं आहे, पण का ते कोणी सांगत नाही.

शिकवणी

अक्षरवेल ताईंनी जे लिहिलं आहे त्यातच तुझं उत्तर आहे. मराठीत 'मी जन्मलो' हे एका शब्दाचं पूर्ण भूतकाळी क्रियापद आहे. म्हणून विद्यार्थी 'बॉर्न'लाही भूतकाळ समजतात आणि 'आय बॉर्न' लिहून मोकळे होतात. पण 'बॉर्न' एकटं उभं राहू शकत नाही. 'मारला गेलो' मधलं 'गेलो' काढून टाकलं तर 'मी मारला' उरतं आणि अर्थ उलटा होतो. तसंच इथे. 'बॉर्न'ला आधाराचं क्रियापद लागतंच.

आता 'ॲम' का नको. तुझा जन्म ही एकदा घडून संपलेली घटना आहे, म्हणून 'वॉज'. पण वाक्य सर्वसाधारण सत्याचं असेल तर वर्तमानकाळ अगदी बरोबर: 'बेबीज आर बॉर्न विदाउट टीथ'. म्हणजे 'इज' आणि 'आर' निषिद्ध नाहीत, ते स्वतःच्या जन्मतारखेसोबत चुकतात इतकंच. 'विल बी बॉर्न', 'इज बीइंग बॉर्न' हेही चालतं.

दुसरी अडचण स्पेलिंगची. शेवटी 'ई' नसलेला बॉर्न आणि शेवटी 'ई' असलेला बॉर्न. दोन्ही 'बेअर'चीच रूपं, उच्चार बहुतेकांच्या तोंडी एकच. ई-वाला सगळीकडे लागतो: खर्च सोसला गेला, जबाबदारी पेलली, नदीनं गाळ वाहून आणला. बिन-ई-वाला फक्त जन्मासाठी राखून ठेवलेला आहे, आणि तोसुद्धा सगळ्या जन्मांसाठी नाही. हे बघ:

'शी हॅज बॉर्न थ्री चिल्ड्रन.' इथे आई कर्ता आहे, वाक्य कर्तरी आहे. ई हवा.

'द चिल्ड्रन बॉर्न बाय हर.' इथे 'बाय' लावून आई पुढे आणली. ई हवा.

'द चिल्ड्रन बॉर्न टू हर.' आई आहे, पण करणारी म्हणून नाही, जिच्या पोटी मूल आलं ती म्हणून. ई नको.

'ही वॉज बॉर्न इन विंटर.' आई वाक्यात नाहीच. ई नको.

आई करणारी म्हणून वाक्यात हजर असेल तर ई येतो, ती रूपाआड गेली की ई जातो. वर्गात मी हा नियम कोरडेपणानं, कर्तरी-कर्मणी करून शिकवतो. ताईंच्या मांडणीनं तो कितीतरी सोपा होतो.

एक चूक मात्र छापील मजकुरातही सारखी दिसते. 'पुराव्यांनी हे सिद्ध केलं' या अर्थी 'बॉर्न आउट' लिहिताना ई गाळतात. तिथे जन्माचा काही संबंध नाही. पुराव्यानं म्हणणं पेललं, असा अर्थ आहे. ई हवाच.

धातुपाठ

शिकवणी सर, छान उलगडून सांगितलंत. मुळाकडून थोडी भर घालतो, कारण हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही.

संस्कृत 'भृ' आणि इंग्रजी 'बेअर' एकाच मूळ धातूपासून आले. शब्दाच्या आरंभी संस्कृतात 'भ' असेल तिथे इंग्रजीत 'ब' आणि लॅटिनमध्ये 'फ' सापडतो. भ्रातृ, ब्रदर, फ्राटेर. भरामि, बेअर, फेरो. जर्मन कुळातल्या भाषांपुरते हे ध्वनिबदल किती नियमानं होतात ते याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये सविस्तर मांडलं.

पाणिनीय धातुपाठात 'डुभृञ् धारणपोषणयोः' असा अर्थ दिला आहे. धारण आणि पोषण, दोन्ही एकदम. पोटात वाढवणारी आई या दोन शब्दांत पूर्ण बसते. भार, भर्ता, भार्या, भृत्य, भरणपोषण हे सगळे याच धातूचे. तिकडे इंग्रजीत 'बर्डन' आणि 'बर्थ' याच घरातले. स्कॉटलंडमध्ये लहान मुलाला 'बेर्न' म्हणतात, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये मूल म्हणजे 'बार्न'. दोहोंचा शब्दशः अर्थ 'वाहिलेलं'. 'बर्थ'चा संस्कृतातला सगळ्यात जवळचा नातलग 'भृति'. त्याचा अर्थ मात्र भरणपोषण, वेतन असा वेगळ्या वाटेनं गेला.

आपला 'जन्म' दुसऱ्या धातूचा, 'जन्'चा. त्याची इंग्रजीतली भावंडं वेगळी: किन, जीन, जेनेसिस आणि लॅटिनमार्फत आलेले नेटिव्ह, नेशन, नेचर. 'जन्'मध्ये निपजणं आहे, 'भृ'मध्ये वाहणं आहे. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या दोन जागा आहेत आणि इंग्रजीनं रोजच्या वापरासाठी वाहणारीची जागा निवडली. माझं मत ताईंच्या बाजूनं.

कोरा_कागद

धातुपाठ दादा, मग अस्वलाचा 'बेअर' पण यातलाच का?

धातुपाठ

नाही. अस्वल वेगळं. उच्चार आणि स्पेलिंग जुळलं, कूळ नाही.

वाटसरू

मी थोडा विरोधात लिहितो. शब्दाचं मूळ आणि शब्दाचा आजचा अर्थ या दोन गोष्टी आहेत. आजचा इंग्रज माणूस 'ही वॉज बॉर्न' म्हणताना कोणी वाहून आणल्याचा विचार करत नाही. त्याच्या दृष्टीनं ते 'जन्मला' इतकंच साधं आहे. मग भाषांतरकारानं मुळाचं ओझं का उचलावं? 'बॉर्न आउट ऑफ फ्रस्ट्रेशन' मध्ये आई कुठे आहे?

अक्षरवेल

वाटसरू, मुद्दा रास्त आहे. रोजच्या वाक्यात आई आठवत नाही, हे मान्य. पण रचनेनं ती जागा मोकळी ठेवलेली आहे आणि भाषा ती जागा वापरत राहते. 'बॉर्न आउट ऑफ फ्रस्ट्रेशन' मध्ये वैफल्य तिथे येऊन बसतं. मराठीतही 'वैफल्याच्या पोटी आलेला निर्णय' म्हणतो ना आपण? 'पोटी' म्हटल्याबरोबर तीच जागा भरली. म्हणून अशा ठिकाणी मी 'वैफल्यातून जन्मलेला' लिहिण्यापेक्षा 'पोटी' वापरते. 'गरजेपोटी', 'रागापोटी', 'मायेपोटी'. हे अस्सल मराठी आहे आणि इंग्रजीच्या मूळ रचनेच्या अगदी जवळ जातं.

दुसरा पुरावा जुना आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये भविष्यवाणी होते की 'ऑफ वुमन बॉर्न' असा कोणीही मॅकबेथचं वाकडं करू शकणार नाही. तो निर्धास्त होतो. शेवटी मॅकडफ सांगतो की त्याला आईच्या पोटातून अकाली कापून काढलं होतं. त्या काळच्या इंग्रजीत कर्मणी वाक्यातला कर्ता 'ऑफ' लावूनही दाखवत. म्हणजे 'ऑफ वुमन बॉर्न' याचा अर्थ निव्वळ 'स्त्रीपोटी आलेला' असा नाही, 'स्त्रीनं प्रसवलेला' असाही होतो. संपूर्ण नाटकाची कळ या एका कृदंताच्या दोन अर्थांवर फिरते. मराठीत 'स्त्रीच्या पोटी जन्मलेला' लिहिलं तर मॅकडफही त्यात येतो आणि भविष्यवाणी खोटी पडते. 'स्त्रीनं प्रसवलेला' लिहिलं तरच ती टिकते. मुळाचं ओझं उचलायचं ते अशा जागांसाठी.

निशिगंध

मी प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. या धाग्यावर लिहावंसं वाटलं, कारण हे शब्द आमच्या हातातून रोज जातात.

मॅकबेथचा दाखला वाचला. आज शस्त्रक्रियेनं झालेल्या बाळालाही 'बॉर्न'च म्हणतात, 'बॉर्न बाय सिझेरियन'. तिथला 'बाय' पद्धत सांगतो, कर्ता नाही. आणि माझ्या मते हेच योग्य आहे. शेवटचा तास कसाही गेला तरी नऊ महिने वाहिलं ते तिनंच. 'तिची नॉर्मल झाली नाही' असं नातेवाईक ज्या सुरात बोलतात तेव्हा मला 'बेअर'चा हा अर्थ त्यांच्यापुढे मांडावासा वाटतो.

आता 'डिलिव्हरी'बद्दल. 'डिलिव्हर' हा शब्द लॅटिनमधल्या मुक्त करणे या अर्थाच्या शब्दावरून आला. जुन्या इंग्रजीत 'शी वॉज डिलिव्हर्ड ऑफ अ सन' म्हणत, म्हणजे ती मुलापासून मोकळी झाली. डिलिव्हर व्हायची ती आई! नंतर सुईण किंवा डॉक्टर आईला डिलिव्हर करू लागले आणि आता डॉक्टर बाळाला डिलिव्हर करतात. सोडवण्याचा शब्द हळूहळू पोचवण्याचा झाला. आपल्याकडच्या जुन्या बायका आजही विचारतात, 'सुटली का ती?', 'मोकळी झाली का सुखरूप?' इंग्रजीनं जे मागे टाकलं ते मराठीत जिवंत आहे. आणि 'तिची डिलिव्हरी झाली' हे मराठीत आलेलं वाक्यही मला आवडतं. शब्द उसना आहे, पण वाक्य आईचं राहिलं आहे.

'मिडवाइफ'मधला 'मिड' म्हणजे मधला नाही, 'सोबत'. बाईच्या सोबत असलेली ती मिडवाइफ.

एका शब्दावर मात्र मनापासून लिहायचं आहे, तो 'स्टिलबॉर्न'. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटना 28 आठवडे किंवा त्यानंतर जीवनाचं कोणतंही लक्षण नसलेलं बाळ जन्मलं तर त्याला 'स्टिलबर्थ' धरते. 'स्टिल' म्हणजे निश्चल. आपल्याकडे अशा वेळी म्हणतात, 'पोटातच गेलं'. या वाक्यात जन्म नाहीच. जणू काही घडलंच नाही, फक्त कोणीतरी गेलं. पण त्या बाईनं कळा सोसलेल्या असतात, बाळ बाहेर आलेलं असतं, त्याला वजन असतं, चेहरा असतो. इंग्रजी शब्द निदान एवढं मान्य करतो की बाळ निश्चल होतं, पण 'बॉर्न' होतं. तिनं ते वाहिलं आणि आणलं. ज्या आया अशा बाळाला हातात घेऊन बघायचं म्हणतात, त्यांना मी 'तुझं बाळ झालं, पण जिवंत नव्हतं' असंच सांगते. 'झालं' हा शब्द मी गाळत नाही. भाषांतर करणाऱ्यांनी 'मृत अर्भक' असं नुसतं नाम लिहू नये, 'मृतावस्थेत जन्मलेलं' लिहावं. 'जन्मलेलं' तेवढं राहू द्या, ही विनंती.

अक्षरवेल

निशिगंध, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. मी आजवर 'मृत अर्भक'च लिहीत आले, पुढे 'मृतावस्थेत जन्मलेलं' लिहीन.

रानजाई

वा, सुंदर धागा. 'बॉर्न अगेन'बद्दल लिहिते. हे 'पुनर्जन्म' म्हणून भाषांतरित झालेलं पाहिलं की वाईट वाटतं, कारण आपला पुनर्जन्म मेल्यानंतरचा. ख्रिस्ती 'बॉर्न अगेन' याच देहात, जिवंतपणी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला हे सांगतो. तिथला ग्रीक शब्द 'आनोथेन'. त्याचे अर्थ दोन: 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेम 'पुन्हा' हा अर्थ धरून विचारतो, म्हातारा माणूस आईच्या उदरात परत कसा शिरेल? म्हणजे तिथेही प्रश्न आईचाच आला! येशूचा रोख आत्म्यापासून, वरून होणाऱ्या जन्मावर आहे. म्हणून 'नव्याने जन्मलेला' हे मला 'पुनर्जन्म'पेक्षा खूप जवळचं वाटतं. 'द्विज' शब्द रचनेनं सर्वांत जवळचा, पण त्याला आपले अर्थ इतके चिकटलेत की तो वापरता येत नाही. (अवांतर: संस्कृतात पक्षी आणि दात यांनाही द्विज म्हणतात, कारण पक्षी एकदा अंड्याच्या रूपानं जन्मतो आणि मग अंड्यातून, दात एकदा पडून परत येतात.)

आणि 'ने'. 'मारी क्युरी, ने स्क्लोडोव्स्का'. हा फ्रेंच शब्द म्हणजे 'जन्मलेली'. स्त्रीच्या नावापुढे लावतात, पुरुषासाठी शेवटचा एक 'ई' कमी होतो. मराठीत 'पूर्वाश्रमीची' लिहिण्याची पद्धत आहे, पण तो शब्द संन्याशाचा. लग्न म्हणजे संन्यास नव्हे. मी 'माहेरची' लिहिते. 'मार्क ट्वेन वॉज बॉर्न सॅम्युएल क्लेमेन्स' अशा वाक्यात तर 'जन्म' शब्द आणूच नये, 'मूळ नाव' पुरे.

वाटसरू

मला अजून एक शंका आहे आणि ती व्यवहाराची आहे. 'वॉटरबॉर्न डिसीज', 'मॉस्किटो-बॉर्न डिसीज' यांना आपण जलजन्य, कीटकजन्य म्हणतो. इथला बॉर्न ई-वाला, म्हणजे वाहून आणलेला. 'जन्य' म्हणजे उत्पन्न झालेला. मग आपण चुकीचंच शिकवतोय का?

शिकवणी

काटेकोरपणे बघितलं तर हो. इंग्रजी शब्द सांगतो की पाणी रोग वाहून आणतं, मराठी शब्द सांगतो की पाण्यातून रोग उपजतो. पटकीचे जंतू पाण्यातून पसरतात, पाण्यानं ते जन्माला घातलेले नसतात. हा फरक विद्यार्थ्याच्या डोक्यात राहिला नाही तर रोग कसा पसरतो हेच त्याला नीट कळत नाही. 'पाण्यातून पसरणारे', 'डासांमार्फत पसरणारे' हे लांब आहेत, पण खरे आहेत. 'एअरबॉर्न'चंही तसंच. विमानानं जमीन सोडली की तेही एअरबॉर्न होतं, म्हणजे हवेनं पेललेलं, हवेत जन्मलेलं नाही. 'फर्स्टबॉर्न', 'न्यूबॉर्न', 'फॉरेन-बॉर्न' हे जन्माचे शब्द, त्यांना ई नाही. ज्या शब्दांत काहीतरी वाहून नेलं जातं त्यांना ई आहे. एवढा धागा धरला की पाठांतर लागत नाही.

धातुपाठ

एका अपवादाची बाजू घेतो. हिवतापाच्या परजीवीचं लैंगिक प्रजनन डासाच्या शरीरातच होतं. डासातला हा परजीवी रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये शोधला. तेव्हा हिवतापापुरतं तरी 'कीटकजन्य' अगदीच निराधार नाही. 'जलजन्य'ची बाजू मात्र घेता येत नाही.

अक्षरवेल

आता म्हणींसारख्या वापरांकडे येऊ. 'आय वॉजन्ट बॉर्न यस्टरडे' याला मी 'मी काही दुधखुळा नाही' वापरते. 'इन ऑल माय बॉर्न डेज'ला आपलं 'उभ्या जन्मात' चपखल बसतं. 'बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून' मराठीत येताना चमचा सोन्याचा झाला आणि तो तसाच राहू द्यावा. 'बॉर्न टीचर'ला मात्र मी 'हाडाचा शिक्षक' लिहिते. चालेल ना?

रानजाई

मला पूर्ण पटत नाही. 'हाडाचा' म्हणजे आतून-बाहेरून तोच. तसं माणूस वर्षानुवर्षं काम करूनही होतो. 'बॉर्न टीचर'मध्ये कोणी न शिकवता आलेली गोष्ट आहे. 'उपजत शिक्षक' किंवा 'जात्याच शिक्षक' म्हणा.

शिकवणी

वाक्य बघून ठरवावं. स्तुतीपर, ओघातलं वाक्य असेल तर 'हाडाचा'. पण 'बॉर्न, नॉट मेड' अशी तुलना असेल तर 'हाडाचा' लिहून अर्थच जातो. तिथे 'उपजत' हवं.

'बर्थराइट'बद्दलही लिहायचं राहिलं होतं. टिळकांच्या वाक्यामुळे 'जन्मसिद्ध हक्क' आपल्या कानात पक्का बसला आहे आणि आजच्या बहुतेक वाक्यांत तोच योग्य. पण बायबलमध्ये एसाव आपला 'बर्थराइट' धाकट्या भावाला याकोबाला विकतो, तिथे तो थोरल्या मुलाला मिळणारा वारसाहक्क आहे. जन्मसिद्ध हक्क विकता कसा येईल, असा गोंधळ वाचकाचा होतो. तिथे 'ज्येष्ठत्वाचा हक्क' लिहावं.

कोरा_कागद

सर्वांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. शेवटचे दोन प्रश्न. आगगाडीतला 'बर्थ' वेगळा का? आणि 'न्यूबॉर्न' नाम की विशेषण?

शिकवणी

आगगाडीतल्या 'बर्थ'चा उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं: बी नंतर 'आय'ऐवजी 'ई'. तो शब्द जहाजांच्या बोलीतून आला, आधी जहाजाला वळायला-थांबायला लागणारी मोकळी जागा आणि मग झोपायची जागा. लिहिताना गल्लत करू नकोस, फॉर्मवर 'डेट ऑफ बर्थ'मध्ये 'आय'च हवा.

'न्यूबॉर्न' दोन्ही आहे. 'अ न्यूबॉर्न बेबी' म्हटलं की विशेषण, 'द न्यूबॉर्न' म्हटलं की नाम. मराठीतलं 'नवजात'ही असंच दोन्हीकडे चालतं. वैद्यकीय मजकूर असेल तर लक्षात ठेव, तिथे हा शब्द पहिल्या 28 दिवसांपुरताच आहे. त्यानंतर 'इन्फंट', म्हणजे अर्भक.

निशिगंध

आणि आमच्या नोंदीत त्या 28 दिवसांतल्या बाळाच्या कागदावर बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं नाव नसतं. 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. अक्षरवेल ताई, तुमचा तो जुना 'ऑफ' तिथे अजून आहे.